आमचे अमेरिकेतले साहेब

एकतीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ह्या विषयाला कोणी विचारत नाही. इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेली ती थोडीशी पानं, मार्चपर्यंत शिकवून झाली तर झाली. तरी मी ती मन लावून शिकवली. त्यात एक वाक्य होतं, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सदस्याची मुदत दोन वर्षांची असते. हे वाक्य मी किती वर्गांना उतरवून दिलं असेल त्याला सुमार नाही. पण दर दोन वर्षांनी कोणीतरी खराखुरा माणूस मतं मागायला दारोदार जात असेल, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. परीक्षेत एका गुणाला ते येतं, एवढंच माझं आणि अमेरिकेचं नातं होतं.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, त्यांचं नागरिकशास्त्र वेगळं. इथल्या एका जुन्या आमदारांचं कार्यालय त्यांनी तेवीस वर्षं सांभाळलं. रत्नागिरीत माळनाक्याच्या अलीकडे दोन खोल्या, आतल्या खोलीत साहेबांची खुर्ची, बाहेरच्या खोलीत ह्यांचं टेबल आणि भिंतीला लागून बाक. बाकावर सकाळपासून माणसं. कोणाला बदली हवी, कोणाच्या वाडीत नळ हवा, कोणाचा वहाळावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पावसात वाहून गेलेला. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे अर्ज हे लिहून द्यायचे आणि ज्यांना येत असे त्यांचे फाडून पुन्हा लिहायचे. त्यांचं म्हणणं होतं, साहेब अर्ज वाचत नाहीत, विषय वाचतात. त्यामुळे सगळं दुःख विषयाच्या एका ओळीत बसलं पाहिजे. ‘विषय: मौजे अमुक येथील साकव नव्याने बांधून मिळणेबाबत.’ खाली मग काही लिहा.

मी चिडवायचे. म्हणायचे, माझ्या पुस्तकात नागरिकाला हक्क असतात, तुमच्या बाकावर नागरिकाला नुसता विषय असतो. हे हसायचे आणि म्हणायचे, “तुझ्या हक्कानं कोणाचा साकव बांधलान तो सांग.” मला त्याचा राग यायचा.

साहेब आमच्या घरी दोनदा आले होते. दोन्ही वेळा चहा पोटात जाण्याआधी निघाले. ते गेल्यावर हे फाटकाशी हात जोडून उभे राहिले, ते गाडी वळणाआड जाईपर्यंत आत आले नाहीत. मी म्हटलं, गेले ना आता, या आत. तर म्हणाले, “साहेबांनी मागं बघितलंन आणि माणूस दिसला नाही तर?” त्यांनी कधी मागे बघितलं असेल असं मला वाटत नाही, पण हे उभे राहायचे. मुलगा तेव्हा सहावी-सातवीत असेल. त्याने खिडकीतून हे सगळं बघितलं होतं आणि शाळा सुटली की तो कार्यालयातल्या त्याच बाकावर बसून गृहपाठ करत असे. साहेब ‘बघतो’ म्हणाले तर काम अर्धं झालं आणि खिशातलं पेन काढलं तर पूर्ण झालं, हे त्याला माझ्या धड्यांच्या आधी पाठ होतं.

तो आमचा एकुलता एक मुलगा पुढे अमेरिकेत गेला. लग्न झालं, मुलगी झाली. सहा वर्षं तो आला नाही, आणि ती सहा वर्षं संपता संपता ह्यांना विसर पडायला लागला.

आधी चष्मा, मग गॅस. आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी हे नगरपालिकेला गटाराबद्दल अर्ज लिहायला बसले आणि लिहून झाल्यावर तोच अर्ज पुन्हा, शब्दाला शब्द, दुसऱ्या कागदावर लिहिला. मी विचारलं, दुसरा कशाला? त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि त्यांचा चेहरा एवढा केविलवाणा झाला की मी पटकन म्हटलं, आपल्याजवळ ठेवायला स्थळप्रत असू दे. डॉक्टरांनी पुढे त्याला नाव दिलं. औषध दिलं आणि हेही सांगितलं की औषधाने फार काही होणार नाही. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “मुलाला लवकर बोलवून घ्या. ओळख आहे तोवर.”

ओळख आहे तोवर. ते वर्षभर आमच्या घरात ह्याच्याशिवाय दुसरी गोष्ट नव्हती.

मुलाला यायचं होतं. तिकडच्या मुक्कामाचे त्याचे कागद मात्र नूतनीकरणाला गेले होते आणि अडकले होते. ते हाती नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतीलच ह्याची खात्री नाही. बायको आणि मुलगी तिकडे, घर तिकडे, नोकरी तिकडे. मी फोनवर एकदा बोलून गेले की बाप मोठा की कागद. मी ते पुन्हा काढलं नाही, पण बोललेलं परत घेता येत नाही.

काही दिवसांनी त्याचा सकाळी फोन आला, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ. म्हणाला, “आई, इथे आपल्या भागाचा एक प्रतिनिधी असतो. अशी कामं अडकली की त्याच्या ऑफिसातून चौकशी करतात. मी फॉर्म सही करून दिलाय.”

मी मास्तरीणच. म्हटलं, “अरे, पण तू कुठे मतदार आहेस त्यांचा?”

“नसलो तरी चालतं. त्यांच्या मतदारसंघात राहतो ना.”

हे मला फार आवडलं. मी एकतीस वर्षं शिकवलं त्यातलं काहीतरी जगात कुठेतरी खरं आहे, असं वाटलं.

पण खरी जादू ह्यांच्यावर झाली. खुर्चीत गप्प बसलेला माणूस मान वर करून विचारायला लागला, “कोण साहेब? किती वेळा निवडून आलेत?” मुलाने सांगितलं, चाळीस वर्षं होत आली. हे म्हणाले, “मग झालंच काम. एवढा जुना माणूस. त्याच्या शब्दाला कोण नाही म्हणेल?” त्या दिवशी ते आपणहून उठून अंघोळीला गेले.

तेव्हापासून ते आमचे साहेब झाले. मुलाने पाठवलेला टॅब होता, त्यावर मी त्यांची जुनी-नवी भाषणं शोधून काढली. आमच्यात सकाळी चहा-नाश्ता आटोपला की हे खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर आणि समोर साहेब. इंग्रजी अक्षरं खाली येत, मी वाचून मराठीत सांगत असे. जितकं समजेल तितकं.

पहिल्या भाषणात ते अगदी तरुण होते. जाड काचांचा चष्मा, रुंद टाय, केस चापून बसवलेले. गावातल्या नदीवर पूल हवा म्हणून बोलत होते. हे ऐकून ह्यांनी मांडीवर थाप मारली, “साकव. बघ, तिथेपण साकवच.” मग मी पुढची वर्षं शोधली. पूल, पूल, पुन्हा पूल. दर दोन वर्षांनी हा माणूस पुन्हा निवडून येतो आणि पुन्हा पुलाबद्दल बोलतो. शेवटी पुलाची फीत कापतानाचा त्यांचा फोटो सापडला, तोवर कानशिलं पांढरी झाली होती. त्या दिवशी आमच्याकडे मी शिरा केला. माझं मलाच हसू आलं, पण केला.

त्यांचे कितीतरी कायदे म्हणजे टपाल कार्यालयांना नावं देण्याचे होते. गावातला कोणी सैनिक गेला, कोणी शिक्षिका वारली, तर तिथल्या टपाल कार्यालयाला तिचं नाव. चाळीस वर्षं अमेरिकेच्या राजधानीत बसून हा माणूस पोस्टांची बारशी करत होता. मी आधी नाक मुरडलं. मग वाटलं, इथे माझं नाव कोणी शाळेच्या बाथरूमलाही देणार नाही.

आणि सभागृह रिकामं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ‘सभागृहात विधेयकावर सविस्तर चर्चा होते’ असं मी मुलांना सांगत आले. इथे साहेब तावातावाने बोलतायत आणि कॅमेरा जरा हलला की मागे सगळ्या खुर्च्या मोकळ्या. ते कोणाशी बोलत होते? ह्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाले, “टिपून घेणारा आहे ना एक? मग झालं.”

एकदा साहेबांनी लढाईच्या बाजूने मत दिलं होतं. कित्येक वर्षांनी त्याच जागी उभं राहून, कागदावर लिहून आणलेलं वाचून ते म्हणाले की माझं चुकलं. दीड मिनिटात संपलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना मात्र पटलं नाही. “असं बोलायचं नसतं साहेबांनी,” ते म्हणाले. “बाकावरची माणसं घाबरतात.”

ते महिने चांगले गेले, हे मला कबूल करायला हवं. आठवड्यातून दोनदा मुलगा पडद्यावर दिसायचा, हे त्याला हाक मारायचे, नातीला इंग्रजीत ‘गुड गर्ल’ म्हणायचे आणि मुलाला विचारायचे, साहेब काय म्हणतात? मुलगा म्हणायचा, ऑफिसातल्या बाईंनी चौकशी पाठवली आहे. हे समाधानाने मान हलवायचे. इकडे हे रोज एक अर्ज लिहीत. मी कोरे कागद शर्टाच्या खिशात मावतील असे कापून देत असे. त्यावर बहुतेक वेळा अक्षरांचा गुंता असे, पण लिहीत बसले की शांत असत.

मग साहेबांचा वाढदिवस आला.

तो कधी असतो हे ह्यांनीच मला शोधायला लावलं. दुसऱ्या दिवशीपासून एकच धोशा. “बॅनर लागला का? साहेबांचा वाढदिवस आहे, बॅनर लागला का?” तेवीस वर्षं ह्यांनी साहेबांच्या वाढदिवसाचे बॅनर लावले होते. मजकूर हे लिहीत, कोणाचा फोटो कोणाच्या वर येणार हे ठरवत, आणि त्यावरून झालेली भांडणं सोडवत. मला त्या बॅनरांचा तिटकारा होता. रस्त्यात उभं राहून मी त्यांच्याविरुद्ध बोललेली आहे. पण ह्यांचं जेवण तुटलं. ताट समोर ठेवलं की तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी मी ह्यांच्या पुतण्याला फोन केला. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे.

पुतण्या आला, टॅबवर साहेबांना बघितलं. “काकू, फोटो मोठा मिळेल ना? नायतर फाटतो तो,” म्हणाला. मग जरा थांबून, “पण ह्या साहेबानं काय केलंन आपलं?”

“अजून केलंन नाही.”

“मग लावूया,” तो म्हणाला. “केलंन असतंन तर लावला असता का कोणी?”

मजकूर ह्यांनी सांगितला. एक शब्द अडखळला नाही. ‘कार्यसम्राट, जनसामान्यांचे कैवारी, अमेरिकेचे ज्येष्ठ लोकप्रतिनिधी, मा. साहेब यांना वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा.’ खाली शुभेच्छुक म्हणून हे, पुतण्या आणि माझा लग्नातला फोटो. पुतण्याने आपणहून साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, कॉम्प्युटरवर. बॅनर दुकानासमोर लागला, एका बाजूला साड्यांचा सेल आणि दुसऱ्या बाजूला कोणाची तरी निवड झाल्याबद्दल अभिनंदन. मासळीवाली पाटी डोक्यावर घेऊन थांबली आणि विचारायला लागली, “बाई, ह्यो कोन हाय?” हे तिला म्हणाले, आमचे साहेब आहेत. कितीतरी दिवसांनी ते रस्त्यावर ताठ उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पुढचं मी केलं.

ह्यांना बॅनरखाली हात जोडून उभं केलं आणि फोटो काढला. साहेबांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर पत्र पाठवायची सोय होती. तिथे पिनकोड मागत होते, आपला रत्नागिरीचा घेतला नाही. मी मुलाच्या घरचा घातला. नावाच्या जागी आडनाव आमचंच, ते तर मुलाचंही. मग ह्यांच्या पद्धतीने आधी विषय लिहिला आणि खाली अर्ज. ‘आपण आम्हांस वडिलांसमान आहात’ असंसुद्धा मी इंग्रजीतून लिहिलं. वशिला हा लोकशाहीला लागलेला रोग आहे, हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांकडून पाच वेळा लिहून घेणारी बाई मी. फोटो जोडला आणि पाठवून दिला. आपण काहीतरी केलं, असं वाटून त्या दुपारी मला छान झोप लागली.

चार दिवसांनी मुलाचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. तो चिडला की आवाज खाली नेतो, बापासारखा.

“आई, तो फोटो तू पाठवलास?”

मी हो म्हटलं.

“माझ्या पत्त्यावरून? माझी केस तिथे असताना?”

त्याने मला समजावून सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. ज्याचं काम कार्यालयाकडे आहे त्याच्याकडून भेट, जाहिरात, असलं काहीही आलं की ते त्यांच्या नियम बघणाऱ्या माणसाला दाखवावं लागतं. तो माणूस बघेपर्यंत काम बाजूला. ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी हसून घेतलं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

“आई, हे इथे असं नसतं गं,” तो म्हणाला. “तुला तरी माहीत असायला हवं होतं.”

तुला तरी. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना घासलेली भांडी पुन्हा घासली. बॅनर मी त्याच संध्याकाळी उतरवायला लावला. पुतण्याने त्याची ताडपत्री करून त्याच्या पावस गावच्या बागेत रचलेल्या लाकडांवर टाकली. मुलगा आठवडाभर बोलला नाही.

नियम बघणाऱ्या माणसाला तीन आठवडे लागले. त्याने काही वाकडं नाही असं सांगितलं, काम पुन्हा सुरू झालं, बाईंनी पुन्हा चौकशी पाठवली. मुलाने हे सांगायलाच पडद्यावर फोन केला. आज तो हसत होता. मी टॅब ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी बराच वेळ बघितलं, मग हात जोडले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, “नमस्कार. आपण कोण?”

मुलाला वाटलं, आवाज गेला नाही. तो पुन्हा ‘बाबा’ म्हणाला. हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “ह्यांना बसायला दे.”

त्या तीन आठवड्यांचं मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, तुमचा काही संबंध नाही, आजार त्याच्या गतीने जातो. मुलगाही पुढे म्हणाला, तीन आठवडे आधी झालं असतं तरी कागद आला नसता. असेल. पण तीन आठवडे होते आणि ते मी घालवले. हे मला कोणी कितीही समजावलं तरी समजायचं नाही.

तरीही भाषणं बघणं मी सुरू ठेवलं. ह्यांना मुलगा आठवत नव्हता, पण टॅब लागला की ‘साहेब’ म्हणायचे. एका सकाळी साहेब कुठल्याशा धरणाबद्दल बोलत होते. आता ते पार थकले होते, कानात यंत्र, मान पुढे आलेली. एक परिच्छेद वाचला, पान उलटलं, आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला. शब्दाला शब्द. मागून एक बाई आली, तिने कागदावर बोट ठेवून पुढची ओळ दाखवली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. तो चेहरा मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बघितला होता, दोन सारखे अर्ज समोर असताना.

मी मुलाला सांगितलं, तुमच्या साहेबांचं काही खरं नाही. तो म्हणाला, “आई, तू पण ना. वय झालंय त्यांचं.” मी वाद घातला नाही. ज्या घरात हे झालंय त्या घरातल्या बाईला ते दिसतं. माझ्या मनात मग काम अडल्याचा त्यांच्याबद्दल राग उरला नाही. आमच्याकडचा एक माणूस रोज त्यांना अर्ज लिहीत होता आणि तिकडे ते स्वतःच ओळ शोधत होते. दोघांच्याही कागदावर बोट ठेवायला एकेक बाई, एवढीच काय ती सोय.

दोन महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं की ह्यापुढे निवडणूक लढवणार नाही. घरच्यांना वेळ द्यायचा आहे, असं कारण सांगितलं. मुदत संपत आली तसं मुलाला पत्र आलं. कार्यालय बंद होत आहे, अपुरी कामं आपोआप पुढे जात नाहीत, आपण नव्या प्रतिनिधीकडे नवा फॉर्म सही करून द्यावा. चाळीस वर्षं निवडून आलेला माणूस आणि शेवटी फॉर्म कोरा. मुलाने तो पुन्हा भरला. नव्या प्रतिनिधी तरुण होत्या, केस दाट, बोलणं चटचटीत. पहिलंच भाषण पुलाबद्दल, त्या जुन्या पुलाच्या दुरुस्तीबद्दल. ते मी ह्यांना दाखवलं नाही.

आणि मग एके दिवशी कागद आला. ना जुन्या साहेबांमुळे, ना नव्या बाईंमुळे. पाळी आली म्हणून आला.

मुलगा दुपारी पोचला. मुंबईहून गाडी करून आला होता. प्रवासात अंगात घातलेला काळा कोट तसाच होता, केस विरळ झालेले, उरलेल्यात पांढरे. फाटकातून आत येणारा हा माणूस क्षणभर मलाही परका वाटला. मी पुढे होणार तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. गेले चार महिने त्यांना उठवायला मला दोन्ही हात लावावे लागत होते. ते आपले आपण उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि हात जोडले.

“या साहेब, या. अगो, चहा टाक. साहेब आलेत.”

मुलगा उंबऱ्यातच थांबला. “बाबा,” म्हणाला. ह्यांच्या कानापर्यंत ते गेलं नाही, किंवा गेलं आणि त्याला आत जागा मिळाली नाही. त्यांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः बसले नाहीत. मी म्हटलं, बसा हो. तर माझ्याकडे असे बघायला लागले की मीच दोन पावलं मागे सरले. साहेबांसमोर हे कधी बसले नव्हते.

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मी कापून दिलेल्यांतलाच एक. दोन्ही हातांनी पुढे केला. मी मागे उभी होते, मला दिसत होतं. खाली नेहमीचा गुंता होता. वरची एक ओळ मात्र स्वच्छ होती, जुन्या वळणाच्या अक्षरात.

‘विषय: मुलगा घरी येणेस परवानगी मिळणेबाबत.’

मुलाने ती वाचली. पुन्हा वाचली. तो रडेल असं मला वाटलं आणि तो रडला तर हे घाबरतील ह्याची मला भीती वाटली. पण तो त्या बाकावर वाढलेला. खालमानेने म्हणाला, “बघतो.” मग छातीशी चाचपलं आणि म्हणाला, “पेन आहे?”

ह्यांनी आपलं पेन काढून टोपण उघडून दिलं. मुलाने कागद गुडघ्यावर ठेवला, कडेला तिरकं ‘मंजूर’ लिहिलं आणि खाली सही केली. बापाचंच आडनाव. हे वाकून बघत होते. त्यांचा चेहरा असा उजळला की तो मला बघवेना.

“फार उपकार झाले साहेब,” ते म्हणाले. आणि लगेच, “आता थांबवत नाही तुम्हाला. पुढे चिपळूणला जायचं असेल. माणसं वाट बघत असतील.”

मी म्हटलं, “अहो, त्यांना जेवून जाऊ दे.”

“साहेब जेवायला थांबत नाहीत,” ते म्हणाले आणि दाराकडे हात करून उभे राहिले. मुलाने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी आलेल्या माझ्या मुलाला घरात येऊन दहा मिनिटं झाली होती. मी नुसती मान हलवली.

तो उठला. चपला घालण्यापुरता थांबला, पण हे एवढे अवघडून उभे होते की त्याने त्या हातात घेतल्या आणि गाडीत जाऊन बसला. ड्रायव्हर बॅगा ओट्यावर ठेवून गाडी वळवत होता, त्याला काही कळेना. गाडी निघाली. हे फाटकाशी हात जोडून उभे. मीही शेजारी उभी राहिले. वळणापर्यंत मुलगा काचेतून मागे बघत होता, आणि तेवढं मात्र ह्यांना दिसलं. म्हणाले, “बघ, साहेबांनी मागं बघितलंन.”

गाडी वळणाआड गेल्यावरच ते आत आले. खुर्चीत बसले, दमले होते.

“पेन काढलंन साहेबांनी,” मला म्हणाले. “आता येईल तो.”

मागच्या परड्यातून चालत येण्याचा आवाज आला. वळणावर उतरून तो बोळातून आला होता. मी ह्यांना हो म्हटलं आणि मागच्या दाराची कडी काढायला गेले.